'कुडोस' म्हणायचं कुणाला, कशासाठी आणि कसं

मे महिन्यातली दुपार. अमळनेरला एका फ्लेक्सच्या दुकानात मी उभा होतो. बाहेर ऊन असं की डांबर चपलेला चिकटावं. आमच्या गल्लीतल्या एका पोराची पोलीस भरतीत निवड झाली होती. मी इंग्रजीच्या शिकवण्या घेतो एवढ्या एका गुन्ह्यापायी त्याच्या मित्रांनी फलकाच्या मजकुराचं काम माझ्या गळ्यात घातलं होतं. पोरांना 'काँग्रॅच्युलेशन्स' नको होतं. ते म्हणे सगळेच छापतात. त्यांना 'कुडोज' हवं होतं. दुकानदाराने शब्द टाइप केला, पडद्याकडे जरा वेळ पाहिलं आणि माझ्याकडे वळून अगदी मनापासून विचारलं, "सर, पोऱ्या एकच शे ना? मंग शेवटला 'एस' काढी टाकू का?"

सोबतची पोरं हसली. मला हसू आलं नाही, कारण याच जागी इंग्रजी बोलणारा अख्खा मुलूख घसरलेला आहे. त्या दिवशी दुकानात उभ्या उभ्या जे सांगितलं, ते इथे जरा ऐसपैस मांडतो. इंग्रजीत कुणाचं चारचौघांत कौतुक करायची वेळ आली, मग तो फलक असो, ऑफिसातला मेल असो की व्हॉट्सॲपचा ग्रुप, तर हा शब्द कसा उचलायचा आणि कधी खाली ठेवायचा, ते पायरीपायरीने पाहू.

पहिली पायरी: तोंडात बसवा

स्पेलिंग सोपं आहे: के, यू, डी, ओ, एस. उच्चार मात्र दोन-तीन ऐकू येतील. ब्रिटिश माणूस 'क्यूडॉस' म्हणतो. अमेरिकन 'कूडोस' म्हणतो आणि त्यातलेच पुष्कळ जण 'कूडोज' म्हणतात. आपल्याकडे 'कुडोज' रुळलाय. यातलं काहीही म्हटलंत तरी समोरच्याला कळतं. पण शेवटचा 'ज' कानाला अनेकवचनासारखा लागतो आणि पुढच्या सगळ्या गोंधळाचं मूळ तिथेच आहे, म्हणून मी स्वतः 'कुडोस' म्हणतो आणि इथेही तसंच लिहिणार आहे.

दुसरी पायरी: घराणं ओळखा

शब्द मूळचा ग्रीक. होमरच्या महाकाव्यात 'कुदोस' येतो तो रणांगणावर. एखाद्या वीराला देव त्या क्षणी विजयाचं तेज देतो, त्याच्याकडे पाहूनच समोरच्याने मागे सरावं असं तेज. ते म्हणजे कुदोस. तिथेच दुसरा एक शब्द आहे, 'क्लेओस'. त्याचा अर्थही कीर्ती, पण ही कानांनी ऐकायची कीर्ती, वीर गेल्यावरही गाण्यातून उरणारी. आपल्या संस्कृतातला 'श्रवस्' हा या क्लेओसचा सख्खा भाऊबंद. 'श्रु' म्हणजे ऐकणे, आणि ऋग्वेदात 'श्रवस्' कीर्तीच्या अर्थाने येतो. 'तुमचं नाव कानावर आलंय' असं आपण म्हणतो तेव्हा नकळत त्याच वाटेवर असतो. कुदोसची वाट वेगळी. तो जिवंत माणसाचा, ताज्या पराक्रमाचा. हा फरक लक्षात ठेवा, पुढे एका पायरीवर तो उपयोगी पडणार आहे.

इंग्रजीत हा शब्द आला तो काही युद्धातून नाही, कॉलेजातून. 19व्या शतकात ब्रिटनच्या विद्यापीठांत पोरं ग्रीक घोकायची. घोकलेला एखादा भारदस्त शब्द गप्पांत थट्टेने वापरायची खोड सगळीकडच्या पोरांना असते, तशी ती त्यांनाही होती. आपल्याकडे नाही का, कुणी चहा पाजला तर त्याला 'दानशूर कर्ण' म्हणतात, तसंच. त्यामुळे या शब्दाच्या अंगात जन्मापासून थोडी मिश्किली आहे. आजही तो पूर्ण सुटाबुटात बसत नाही.

एक नमुना सांगतो. 1859 च्या सप्टेंबरात चार्ल्स डार्विन एका मित्राला पत्र लिहीत होते. त्यांचं उत्क्रांतीवरचं पुस्तक छापून व्हायच्या बेतात होतं आणि भूशास्त्रज्ञ लायेल यांनी त्याची निम्मी पानं वाचली होती. डार्विन कळवतात की लायेल मला 'व्हेरी ग्रेट कुडोस' देतात. 'ग्रेट' म्हटलंय, 'मेनी' नाही. म्हणजे शब्द मोजायचा नाही, तोलायचा आहे. दुकानदाराच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथेच आलं.

तिसरी पायरी: 'एस' काढायचा नाही

ग्रीकमधून इंग्रजीत आलेले 'केऑस', 'पॅथॉस', 'कॉसमॉस' हे शब्द आठवा. शेवटी 'एस' असून ते एकवचनी आहेत. एका गोंधळाला कुणी 'केओ' म्हणत नाही. कुडोस त्याच कुळातला. त्याचा 'एस' अंगचाच आहे, बाहेरून जोडलेला नाही.

मग 'कुडो' आला कुठून? जिथून आपला दुकानदार आला तिथूनच. शेवटी 'एस' दिसला की इंग्रजी माणसाला अनेकवचन वाटतं, म्हणून त्याने 'एस' कापून एकवचन तयार केलं. हे काही पहिल्यांदा झालेलं नाही. वाटाण्याला पूर्वी इंग्रजीत 'पीज' म्हणत आणि ते एकवचन होतं. लोकांना ते अनेकवचन वाटलं, आणि कापून कापून 'पी' उरला. 'चेरी'चंही तेच झालं. 20व्या शतकात 'कुडो' छापील मजकुरात दिसू लागला आणि काही शब्दकोशांनी त्याची नोंदही घेतली. पण जुन्या वळणाचा संपादक आजही तो दिसला की लाल पेन काढतो. दुकानदाराला मी म्हटलं, "शंभर वर्षांनी तू बरोबर ठरशील, भाऊ. पण फलक उद्या लागायचा आहे."

हिशोब आपल्या 'यश' शब्दासारखा ठेवा. त्याला मोठं यश मिळालं म्हणतो, तीन यश मिळाले म्हणत नाही. तसंच 'अ कुडोस' नाही, 'टू कुडोस' नाही आणि 'मेनी मेनी कुडोस' तर मुळीच नाही. फार भरून आलं असेल तर 'अ लॉट ऑफ कुडोस' किंवा 'हर फुल शेअर ऑफ कुडोस' म्हणा. 'ओ' आणि 'एस'च्या मध्ये वर टांगलेला स्वल्पविराम पुष्कळ फलकांवर दिसतो. तो पुसून टाका.

क्रियापदाचं काय? 'कुडोस इज ड्यू' की 'कुडोस आर ड्यू'? काटेकोर लिहिणारे 'इज' लिहितात. बोलण्यात आणि वर्तमानपत्रांत 'आर' इतकं झालंय की शब्दकोशांनीही ते पोटात घातलंय. मी पोरांना तिसरीच युक्ती सांगतो: वाक्यच असं बांधा की क्रियापदाची गरज पडू नये. ते कसं, ते पाचव्या पायरीवर.

चौथी पायरी: अभिनंदन की कुडोस?

खरी चूक स्पेलिंगमध्ये होत नाही, ती इथे होते. आपल्याकडे अभिनंदन हा हरकामी शब्द. पास झाला, अभिनंदन. गाडी घेतली, अभिनंदन. मुलगी झाली, सरपंच झाला, जागा मिळाली, सगळ्याला अभिनंदन. इंग्रजीत तो 'काँग्रॅच्युलेशन्स'चा प्रांत: काहीतरी चांगलं घडलं, त्या आनंदात मी सामील आहे. कुडोसला घटनेशी घेणं नसतं. त्याला करणी लागते. माणसाने काय केलं, किती रेटून केलं, ते पाहून मी मान डोलावतो, तो कुडोस.

पारखायचं कसं? आपल्या भागात कुणी जबरी काम केलं की 'मानलं भो तुले' म्हणतात. जिथे 'मानलं' बसतं तिथे कुडोस बसतो. जिथे 'मानलं' म्हटल्यावर लोक भुवया उंचावतील तिथे तो ठेवू नका. करून बघा. पोराचं लग्न जमलं आणि तुम्ही त्याच्या बापाला म्हणालात, "मानलं तात्या, पोराचं लग्न जमवलं!" तात्या चिडणार. म्हणजे पोरगं जमण्यासारखं नव्हतं की काय? इंग्रजीत नवरदेवाला कुडोस दिला तर सूर तोच लागतो. वाढदिवसालाही 'मानलं' बसत नाही. वर्ष आपोआप सरतं, त्यात पराक्रम कसला! निवृत्तीच्या दिवशी दोन्ही बसतात, पण वेगवेगळ्या जागी. निवृत्तीबद्दल काँग्रॅच्युलेशन्स आणि 30 वर्षं एका शिक्षकी शाळेचं दार रोज वेळेवर उघडलं त्याबद्दल कुडोस.

फलकावरच्या पोराचंही तसंच. निवड झाली ती घटना. तिच्यासाठी 'काँग्रॅच्युलेशन्स'च हवं होतं आणि पोरांनी ते नाकारून चूक केली होती. पण तोच पोरगा 2 वर्षं पेट्रोल पंपावर रात्रपाळी करून पहाटे थेट मैदानावर पळायला जायचा. ती करणी. कुडोस तिला. मी हे म्हटल्यावर पोरं एकमेकांकडे पाहू लागली, कारण फलकाच्या मजकुरात पंपाचा उल्लेखच नव्हता. उलट एकाला ते लपवायचं होतं.

पाचवी पायरी: 'टू' आणि 'फॉर'

साचा एकच आहे आणि तो पाठ करायला एक मिनिट लागतं. 'कुडोस टू' अमुक 'फॉर' तमुक. कुणाला ते 'टू'नंतर, कशासाठी ते 'फॉर'नंतर. क्रियापद लागतच नाही, म्हणून 'इज'-'आर'चा वादही मिटतो. 'कुडोस फॉर यू' म्हणू नका. कानाला गोड लागतं, पण शब्दयोगी अव्यय चुकतं. 'फॉर'नंतर क्रियापद आलं तर त्याला 'इंग' लावायचा.

आपल्या मातीतली दोन-चार वाक्यं बांधून पाहू.

उन्हाळ्याच्या शेवटी वादळी पाऊस आला की रावेर, यावल, चोपड्याकडे केळीच्या बागा झोपतात आणि रस्त्यांवर झाडं आडवी होतात. गावातल्या पोरांनी रातोरात कुऱ्हाडी घेऊन रस्ता मोकळा केला. लिहा: 'कुडोस टू द यंग मेन ऑफ अवर व्हिलेज फॉर क्लिअरिंग द रोड बिफोर डॉन.'

भुसावळ-जळगावकडे मे महिन्यात पारा 45 अंशांवर जातो. त्या उन्हात खांबावर चढून वायरमनने लाइन जोडली. 'कुडोस टू द लाइनमन हू क्लाइंब्ड द पोल ॲट टू इन द आफ्टरनून.' इथे 'फॉर' नाही, 'हू' आलाय. चालतं. काय केलं ते वाक्यात आहे ना, मग झालं.

सातपुड्यात, धडगाव-अक्कलकुव्याकडे, गाडी जिथे संपते तिथून पुढे लसींचा डबा खांद्याला अडकवून पाड्यापर्यंत चालत जाणारी आरोग्यसेविका. 'कुडोस टू द नर्स फॉर वॉकिंग टू एव्हरी लास्ट हॅम्लेट.' यात 'एव्हरी लास्ट' या दोन शब्दांनी सगळं वजन पेललंय. तिथे 'फॉर हर ग्रेट वर्क' लिहिलं असतं तर वाक्य मेलं असतं.

आणि हलकंफुलकंही चालतं, तो या शब्दाचा मूळ स्वभाव आहे. हिवाळ्यात शेतात भरीत पार्टी झाली, काट्यांवर वांगी भाजली, कळण्याची भाकरी, वरून मिरचीचा ठेचा. दुसऱ्या दिवशी ग्रुपवर: 'कुडोस टू हूएव्हर रोस्टेड द ब्रिंजल्स.' ज्याने भाजली त्याला कळतं आणि बाकीचे हसतात.

'फॉर'नंतरची जागा रिकामी सोडू नका, हे मी वर्गात इतक्यांदा सांगतो की पोरं माझी नक्कल करतात. नुसतं 'कुडोस टू ऑल!' हे लग्नातल्या अक्षतांसारखं, सगळ्यांवर पडतं आणि कुणाचंच नसतं. दाद कशी नेमकी असावी याचं आपल्याकडचं उदाहरण जळगावजवळच्या असोद्याचंच आहे. बहिणाबाई चौधरी 1951 च्या डिसेंबरात गेल्या. त्यांना लिहितावाचता येत नव्हतं. जात्यावर, शेतात सुचलेल्या ओव्या घरच्यांनी कागदावर उतरवून ठेवल्या होत्या. मुलगा सोपानदेव यांनी ती वही आचार्य अत्र्यांना दाखवली. अत्रे 'छान आहेत कविता' म्हणून थांबले नाहीत. हे बावनकशी सोनं आहे, म्हणाले, आणि ते महाराष्ट्रापासून लपवून ठेवणं हा गुन्हा आहे. 1952 मध्ये त्या कविता छापून आल्या. पुढे उत्तर महाराष्ट्र विद्यापीठालाही त्यांचंच नाव मिळालं. बावनकशी म्हणताना काय पारखलं आणि कसं पारखलं ते दोन्ही एका शब्दात आलं. जळगावच्या सराफ बाजारात वाढलेल्या माणसाला तर ते वेगळं उलगडून सांगायला नको.

यात एक बारकावा आहे. गेलेल्या माणसाला कुडोस देत नाहीत. श्रद्धांजलीच्या मजकुरात हा शब्द मी एकदा पाहिला आणि अंगावर काटा आला. तिथे दुसऱ्या पायरीवरचा क्लेओस लागतो. इंग्रजीत त्यासाठी 'ट्रिब्यूट' हा नेमका शब्द आहे.

सहावी पायरी: कुणाला म्हणायचं नाही

आपला 'शाबास' फारसीतल्या 'शाद बाश'वरून आलाय. अर्थ, खूश राहा. आशीर्वादासारखाच तो वरून खाली येतो. मोठ्याने धाकट्याची पाठ थोपटायची. धाकट्याने आजोबांना शाबास म्हटलं तर दोन धपाटे बसतात. कुडोस आडवा चालतो. बरोबरीच्याने बरोबरीच्याला द्यायचा, किंवा टीमच्या प्रमुखाने आपल्या माणसांना.

म्हणून साहेबांना, सरांना, घरातल्या वडीलधाऱ्यांना जरा सांभाळून. शाळेच्या जुन्या मुख्याध्यापकांना 'कुडोस सर!' असा मेसेज पाठवणारा माझाच एक विद्यार्थी होता. त्याच्या मनात आदर होता, पण वाचताना वाटलं की पोरगं सरांची पाठ थोपटतंय. वर जाणाऱ्या कौतुकाला 'ॲडमिरेशन', 'ग्रॅटिट्यूड', 'रिस्पेक्ट' हे शब्द बरे. 'आय हॅव ऑलवेज ॲडमायर्ड हाऊ यू...' अशी सुरुवात करा आणि पुढे एक खरी आठवण लिहा.

अर्ज, मानपत्र, सरकारी पत्र, ठराव, यांतही नको. तिथे 'द हाऊस प्लेसेस ऑन रेकॉर्ड इट्स ॲप्रिसिएशन' असली भाषा चालते. ती मला रटाळ वाटते, पण प्रोसिडिंग बुकात मिश्किली शोभत नाही.

आणि उपरोध. आपल्या भागात सरळ शिवी देण्यापेक्षा वाकडी स्तुती जास्त चालते. 'कुडोस टू द काँट्रॅक्टर, द रोड लास्टेड टिल द फर्स्ट रेन.' हा प्रकार इंग्रजीतही सर्रास होतो आणि या शब्दात तो फार सहज होतो. म्हणून खरं कौतुक करताना तपशील द्यायचाच. तपशील नसला की वाचणारा थांबतो, हा खवचटपणा तर नाही ना?

कधीकधी कुडोसचा अर्थ निराळाच असतो. 'द जॉब हॅज मोअर कुडोस दॅन मनी.' इथे कुणी कुणाला काही देत नाही. अर्थ असा की पगार बेताचा, पण वट मोठी. ब्रिटिश लिखाणात हा वापर पुष्कळ भेटतो. वाचताना अडखळू नका.

सातवी पायरी: फलक, सत्कार आणि 'हस्ते'

खान्देशात सत्कार म्हटलं की शाल, श्रीफळ, गुलाबपुष्प आणि दुसऱ्या दिवशी पेपरात ओळ. त्या ओळीचं इंग्रजी करताना हमखास एक अपघात होतो: 'ही वॉज फेलिसिटेटेड ॲट द हँड्स ऑफ...' 'च्या हस्ते'चं हे शब्दशः भाषांतर. इंग्रजीत 'ॲट द हँड्स ऑफ' बहुतेक वेळा वाईट गोष्टींसाठी येतं: मार खाल्ला, हरला, छळ झाला. साहेबांच्या हस्ते सत्कार झालेला माणूस इंग्रजीत साहेबांच्या हातचा मार खाऊन परततो. 'बाय' वापरा, संपलं. 'फेलिसिटेट' हा शब्दही भारताबाहेर फारसा ऐकू येत नाही. परदेशी कुणी वाचणार असेल तर 'ऑनर्ड' लिहा.

अभिनंदनाबद्दल: 'काँग्रॅच्युलेशन्स ऑन', 'फॉर' नाही. 'काँग्रॅच्युलेशन' एकट्याने येत नाही, त्याला शेवटचा 'एस' लागतोच. गंमत बघा, इथे 'एस' विसरतात आणि कुडोसचा मात्र काढायला निघतात. 'हार्दिक'चं 'हार्टली' होत नाही, 'हार्टी' होतं, आणि खरं तर तेही गाळलं तरी चालतं.

फलकाचा आणखी एक मुद्दा आहे, भाषेचा नाही पण भाषेच्या मुळावर येणारा. आपल्या फलकावर ज्याचं कौतुक त्याचा फोटो मधे, आणि भोवती शुभेच्छुक 14. त्यात दोघं-तिघं असे की ज्यांनी त्या पोराला आयुष्यात पाहिलेलं नाही. मग मजकुराला उरते बोटभर पट्टी. 'कुडोस टू' छापून होतं आणि 'फॉर'ला जागाच राहत नाही.

शेजारचे काही शब्द, धावत धावत

'ब्राव्हो' इटालियनमधला, कला सादर करणाऱ्यासाठी. इटालियनमध्ये बाईला 'ब्राव्हा' म्हणतात, पण इंग्रजीत सगळ्यांना ब्राव्हो चालतं. 'अकोलेड' म्हणजे मानसन्मान, आणि हा मोजता येतो: मेनी अकोलेड्स. याच्या पोटात लॅटिनमधली 'मान' आहे, म्हणजे गळा. सरदारकी देताना गळाभेट घ्यायचे, पुढे खांद्यांवर तलवार टेकवू लागले, त्यावरून हा शब्द. आपली खांद्यावर पडणारी शाल याच्या सर्वांत जवळ जाते. 'हॅट्स ऑफ' कुडोसपेक्षा एक घर वरचा, आपल्या 'मुजऱ्या'कडे झुकणारा. 'वेल डन' मोठ्याने धाकट्याला, थेट शाबास.

'शाउट-आउट' हल्लीच्या पोरांचा. माइकवरून नाव घ्यायचं, कौतुकाचं कारण असो वा नसो. तुम्ही म्हणाल हे काय नवीन? गावच्या तमाशात, ऑर्केस्ट्रात गाणं थांबवून पुकारतात ना, अमक्या पाटलांकडून 51 रुपये बक्षीस, मंडळ आभारी आहे, तोच हा शाउट-आउट. आपल्याकडे तो कधीपासूनचा आहे, फक्त नाव नव्हतं.

मराठीतच म्हणायचं असेल तर

मला कुणी विचारतं, सर, कुडोसला मराठी शब्द काय? एकच शब्द देता येत नाही. 'कौतुक' जवळचा, पण त्यात माया जास्त, नातवाचंही कौतुक करतात. 'प्रशंसा' पुस्तकी. 'वाहवा' लोक करतात, एकट्याने वाहवा केली तर विचित्र वाटतं. 'दाद' सर्वांत जवळ बसते: जाणकाराने दिलेली, नेमक्या जागेला दिलेली, आणि 'दाद'ही मोजत नाहीत. म्हणून भाषांतर करताना मी 'दाद द्यावी लागेल' वापरतो, आणि बोलताना 'मानलं'.

मराठी वाक्यात कुडोसच घालायचा झाला तर 'त्याला कुडोस' एवढंच म्हणा. 'कुडोस दिलं' की 'कुडोस दिले', या भानगडीत पडू नका.

शेवटी फलकाचं सांगायचं राहिलं. वर मोठ्या अक्षरांत मराठीत 'हार्दिक अभिनंदन', निवडीबद्दल. खाली इंग्रजीत कुडोसची ओळ, 2 वर्षांच्या रात्रपाळीबद्दल आणि पहाटेच्या धावण्याबद्दल. पंपाचा उल्लेख ठेवायचा की नाही, यावर पोरांची दुकानात जुंपली. मग एकाने त्या पोरालाच फोन लावला. तो म्हणाला, "टाक ना भो, चोरी करी का मी?"

ओळ लांब झाली. दुकानदाराने अक्षरं बारीक करून पाहिली, मग रस्त्यावरून वाचता येईनात. शुभेच्छुकांतला एक फोटो काढल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. कुणाचा काढायचा यावर कुणी बोलेना, कारण प्रत्येकाचा कुणी ना कुणी तिथे होता. शेवटी दुकानदारानेच माउस सरकवला आणि माझ्या फोटोवर आणून ठेवला.

"सर, तुमना काढू का?"

'एस' सोडून काहीही काढ, म्हटलं.